भाऊबीजेच्या ताटातली बाटली

त्या दुष्काळात वडवणीकडच्या आमच्या शिवारात खुरपायलाही काही उरलं नव्हतं. भाऊबीज झाली की आक्का आणि दाजी ऊसतोडीला जाणार होते, एका सहकारी कारखान्याच्या टोळीत. धुळीनं आक्काचे डोळे सारखे खाजत, लाल होत. मी तेव्हा केजला डोळ्यांच्या दवाखान्यात सहायक होतो आणि आपल्याला फार कळतं, असा माझा तोरा होता. डॉक्टरांना न विचारताच मी स्टेरॉईडच्या थेंबांची बाटली आणली आणि ओवाळणीच्या ताटात पातळावर ठेवली. लाली दोन दिवसांत उतरली. भाऊ डॉक्टर झाला म्हणून ती गल्लीभर सांगत सुटली.

पौषात उसाचं पातं तिच्या डाव्या डोळ्यात लागलं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; बाई बसली की कोयता मोडला, मजुरी बुडाली. तिनं माझे थेंब घातले. लाली गेली, आक्का पुन्हा उसाच्या फडात उतरली. पुन्हा ठणकलं, पुन्हा थेंब. असे एकेक थेंब पुरवत तिनं महिना काढला.

दिसेनासं झालं तेव्हा दाजींनी तिला केजला आणलं. तपासायला मीच बसलो. डोळ्याला रंगाची पट्टी लावून निळा उजेड टाकला. बुबुळाच्या मधोमध जखम हिरवीगार उमटली. डॉक्टरांनी ती हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी होती.

"आधी काय घालत होता?" त्यांनी विचारलं. आक्कानं पदराच्या गाठीतली बाटली दाखवली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "याच थेंबांनी लाली दबली आणि आत बुरशी माजली." त्यांनी दुसरी औषधं लिहून दिली. आक्कानं बाटली परत गाठीला बांधली, आणि मी नुसता बघत राहिलो.

बुरशी गेली, पण डोळ्यात पांढरं फूल पडलं. त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

पुढच्या भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं. शेजारी तिची जाऊ बसली होती. "भाऊ, तसली बाटली यंदा माझ्या जावंला बी दे," आक्का म्हणाली. "तुझ्या थेंबांनीच माझा डोळा तेवढे दिवस तगला."

मला राहवलं नाही. "आक्का, त्या थेंबांनीच तुझा डोळा गेला. मीच घालवला."

ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

"तुला कवा कळलं?"

"तपासलं त्याच दिवशी."

तिनं ताट खाली ठेवलं.

"मंग तवाच सांगायचं व्हतं. उरलेले थेंब त्याच्यानंतर मी टोळीतल्या दोघींना देलते."