न ओढलेलं बोट

चंद्राबाईच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन निपाणीहून शिवाजीनगरात आली तेव्हापासून बस अड्ड्यामागच्या खोलीत ती लोकांची निखळलेली बोटं बसवत होती. समोरच्याला गावाचं नाव विचारायची आणि तो सांगेपर्यंत बोट ओढून जागेवर बसवून मोकळी व्हायची. हमाल, पैलवान, कंडक्टर, सगळे तिला अक्का म्हणत.

एकच बोट तिच्या हातून बसलं नव्हतं, आणि ते नेमकं घरातलं निघालं. नवरा कल्लाप्पा शिंपी. पंधरा वर्षांपूर्वी तो जिन्यावरून पडला आणि उजव्या हाताची तर्जनी मुळापासून मागे वळून ताठ उभी राहिली. चंद्राबाईनं चारदा ओढली. बोट आडवं झालं, पण आत गेलं नाही, कायमचं आखडलं. कात्री सुटली, दुसऱ्यांनी बेतलेलं कापड शिवणं तेवढं नशिबी आलं. तुमचं हाडच हट्टी, असं तिनं ठोकून दिलं. त्यानं ऐकून घेतलं. आपल्या ओढण्यानंच तर बिघडलं नसेल ना, ही शंका मात्र तिला आतून कुरतडत राहिली.

एकसष्ट सालच्या मार्चात पद्माकर आला. सरकारी कारखान्यात नकाशे काढणारा तरुण, व्हॉलीबॉल खेळताना पडलेला. तीच तर्जनी, तशीच ताठ. चंद्राबाईनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मी वढणार नाही. कुणालाच वढू देऊ नका. तडक दवाखान्यात जावा."

अक्काचा हात गेला, असं बाहेर बाकावरचे कुजबुजले. बोलेनात का! तिला त्याचं काही नव्हतं. चार दिवस ती चुलीवर भात विसरत होती, बस थांबली की दारात येत होती, पुन्हा आत जात होती. पद्माकर काय सांगेल याची तिला धास्ती होती, आणि ते ऐकल्याशिवाय चैनही पडत नव्हती.

पाचव्या दिवशी तो आला, बोटाला पट्टी बांधून. कापाकापी काही झाली नव्हती. बधिर करून डॉक्टरांनी मनगट वाकवलं आणि अंगठ्यानं हाड मागून पुढे ढकललं, एवढंच.

"डॉक्टर म्हणाले, कुणी ओढलं नाही हे नशीब. ओढलं असतं तर आतला पडदा सांध्यात अडकला असता. मग चिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं."

कोपऱ्यात कल्लाप्पाचं शिलाई मशीन थांबलं. चंद्राबाईला त्याच्याकडे बघवेना.

"म्हंजे मीच बिघडवलं हो तुमचं बोट," ती म्हणाली.

कल्लाप्पा उठला, तिच्यासमोर चटईवर येऊन बसला आणि उजवा हात त्यानं पुढे केला.

"पद्माकरअण्णा, डॉक्टरनं कसं ढकललं ते हिला स्वल्प, जरा नीट सांगा," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "हे धर. ह्याचं आता बिघडायचं काही ऱ्हायलं नाही. ह्याच्यावर शीक."

पंधरा वर्षांत तिनं ते बोट पहिल्यांदाच हातात घेतलं.