गुंतवळाचा डबा

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या दारादारांवर हळदीचे पंजे उमटले होते. मोठे, लहान, एका दारावर तर तान्ह्या बाळाचाही. चौकटींना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या. संध्याकाळी झाशीच्या लक्ष्मी गेटकडून घरी येताना ते सगळे हात मला ‘थांब’ म्हणत असल्यासारखे वाटायचे. आमच्या दारावर मात्र काही नव्हतं. शेजारच्या भाभीजी म्हणायच्या, "भाईसाहब, आप बड़े निडर हैं।" मी गंभीरपणे मान हलवायचो. निडर कसला, हळद कालवायचा आळस.

कुणीतरी बायकांच्या वेण्या कापत होतं, अशी आवई उठली होती. बाई भांडी घासत बसलेली असते, चक्कर येते, शुद्धीवर येते तेव्हा शेजारी वेणी पडलेली. कापणारं कुणाला दिसत नाही. कुणी म्हणे काळी मांजर, कुणी म्हणे कसलासा किडा, पण दिवस गेले तसे मांजर आणि किडा दोन्ही मागे पडले आणि सगळ्यांच्या तोंडी एक म्हातारी आली. इकडे बुंदेलीत म्हातारीला डुकरिया म्हणतात. रोज मोबाइलवर नवा फोटो यायचा आणि रोज ती आमच्या जरा आणखी जवळ आलेली असायची. मुलींना गच्चीवर जायची बंदी झाली. गल्लीच्या तोंडाशी पुरुष प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून, मांडीवर काठ्या घेऊन बसू लागले. त्यातले निम्मे माझ्यासारखेच कारकून. काठी कशी धरायची हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि मला भीती वाटायची ती नेमकी त्याचीच.

आमच्या घरात वेण्यांचं खातं त्या वर्षी माझ्याकडे होतं. बायकोची बदली टहरौलीच्या सरकारी शाळेत झाली होती. ती सोमवारी पहाटेच्या बसने जायची आणि शनिवारी यायची. मुलगी, बुंदेलीत मोड़ी, तेरा वर्षांची. शाळेचा नियम असा की दोन वेण्या, आणि त्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या. म्हणजे ज्या माणसाच्या डोक्यावर स्वतःचं असं काही उरलं नव्हतं, त्याच्याकडे रोज सकाळी मुलीचं डोकं सोपवलं जायचं.

मी ते काम सरकारी इमानाने करायचो. भरपूर तेल थापायचं, बारीक दातांची फणी घ्यायची आणि मुळापासून खाली ओढायची. केस जितके ओढावेत तितके ते फुलायचे. मग आणखी तेल. वेणीचं टोक सुटायचं म्हणून मी ते कचेरीतल्या टॅगने बांधायचो. फायलीत कागद ओवायला असतो ना, दोन टोकांना पत्रा लावलेला हिरवा दोरा, तो. गाठ पक्की बसायची. बारा-तेरा वर्षं माझ्या फायलींतून एक कागद निसटला नव्हता, केस कुठे जाणार?

"बाबा, दुखतंय ना! छोडो!"

"हलू नकोस. गुंता आहे."

"गुंता नाहीये. माझे केस घुंगराले आहेत. मी व्हिडिओत पाहिलं. त्यांना सुखे असताना कंघी नाही करत."

"आपल्यात कुरळे केस कुणाचेच नाहीत," मी म्हणायचो. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या. आमचे पूर्वज कुठल्याशा पूजेअर्चेसाठी दक्षिणेतून इकडे आले आणि परत जायचं विसरले. पण येताना आणलेले नियम विसरले नाहीत. घरातल्या पुरुषांचे केस मशीनने बारीक, बायकांचे तेल लावून चप्प. अशा घरात कुणाचे केस खरे कसे आहेत हे कळायला वावच नव्हता. मुलीचे केस राठ आहेत, विस्कटलेले आहेत, तिच्या आईला वेळ नाही म्हणून हाताबाहेर गेलेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तेल-फणीचा आणखी एक नियम होता. फणीत अडकलेले केस, म्हणजे गुंतवळ, इकडेतिकडे टाकायचं नाही. बोटाभोवती गुंडाळून डब्यात ठेवायचं. आमच्याकडे त्यासाठी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मुलीचं गुंतवळ इतकं निघायचं की डबा बघता बघता भरायचा. मग सुईवाली अम्मा यायची. खांद्याला पोतं, हातात पिना, सुया, टिकल्यांची टोपली. ती गुंतवळ हातात घेऊन जरा दाबून बघायची, पोत्यात टाकायची आणि बदल्यात पिनांचा एक पत्ता, म्हणजे पिना खोचलेला पुठ्ठा, द्यायची. तिची मुलगी टहरौलीकडे कुठेतरी दिली होती. त्यामुळे बायकोच्या बदलीनंतर आम्ही अगदी नात्यातले झालो होतो. "बहूजी खों बस मिल जात?" असं ती दर वेळी विचारायची.

केसांचं पोतं घेऊन दारोदार फिरणारी म्हातारी. त्या दिवसांत. आता लिहिताना मला कळतं की ही दोन वाक्यं शेजारी ठेवायला कुणीही शहाणा असायची गरज नव्हती. पण अम्मा माझ्या लहानपणापासून यायची. रोजची वस्तू माणसाला दिसत नाही तशी ती मला दिसत नव्हती. गल्लीला मात्र दिसायला लागली होती.

एकदा तिने भाभीजींची कडी वाजवली तर आतून आवाज आला, "आज नहीं, अम्मा।" पुढच्या दारी तेच. तिसऱ्या दारी नुसताच आतून अडसर सरकल्याचा आवाज. मी डबा तिच्या पोत्यात उपडा केला, पिना घेतल्या आणि म्हटलं, "थोड़े दिन मत आओ, अम्मा।"

ती हसली. "काय? मोरी चोटी काट लैहैं का?"

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी कचेरीतून परतत होतो. दिवस मावळायला होता, वीज गेलेली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी नेहमीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं उभी होती. अर्धवट गोल करून, पाठ माझ्याकडे. मी टाचा उंचावून बघितलं. मध्ये अम्मा जमिनीवर बसली होती आणि तिचं पोतं उपडं केलेलं होतं. ओल्या फरशीवर केसांचे गोळे, काळे, करडे, मेंदीचे. कुणी काठीने ते उचकत होतं. कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. आरडाओरडा असता तर मला बरं वाटलं असतं.

काठीच्या टोकाला एक वेणी आली.

वीतभर होती. गुंतून गुंतून लाकडासारखी कडक झालेली. शेपटाला हिरवा टॅग, पत्र्याचं टोक मोबाइलच्या उजेडात चमकत होतं. गाठ मी लगेच ओळखली. तशी गाठ अख्ख्या झाशीत एकच माणूस मारतो.

"अब बोल," काठीवाला म्हणाला. "किसकी काटी?"

"हमें नईं पतो, भैया. डब्बा में से आई हुइये," अम्मा म्हणाली. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला माहीत असणार कुठल्या डब्यातून.

भाभीजींचा आवाज आला, "जो ओई डुकरिया को काम आय! मैं तो पहले ही कहत ती!" आणि गोल आणखी लहान झाला.

मी म्हणालो, "मेरी है।"

सगळे वळले. माझ्या डोक्याकडे बघितलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "भाईसाहब, आपकी? कब की?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या टकलाचा उपयोग झाला. त्या हसण्यात काठी जराशी खाली आली. पण हसू तितकंच टिकलं. "मेरी बेटी की है. गाँठ मेरी है, ये टॅग हमारे दफ़्तर का है," असं मी म्हटलं आणि म्हणता म्हणताच कळलं, मी काय करून बसलोय. भाभीजींनी तोंडावर हात ठेवला. "हाय राम. बिन्नू की काट ली?"

आता वेणीला धनी मिळाला होता. याआधी ती कुणाची तरी होती, आता गल्लीतल्या बिन्नूची, म्हणजे लेकीची झाली. काठी पुन्हा वर गेली. मी मध्ये घुसलो, अम्माच्या पुढे उभा राहिलो. असं लिहिलं की शूर वाटतं. खरं म्हणजे चिखलात पाय सरकला आणि मी तिच्यापुढे जाऊन पडलो. उठायला जागाच नव्हती म्हणून तिथेच राहिलो.

"मैंने काटी है।"

मुलगी आमच्या पायरीवर उभी होती. शाळेच्याच कपड्यांत. दोन्ही वेण्या वर दुमडलेल्या, रुंद रिबिनींमुळे दोन्ही सारख्या दिसत होत्या. गेले काही दिवस ती माझ्याआधी उठून वेण्या स्वतःच घालत होती, आणि मी सुटलो म्हणत होतो. तिने एक रिबीन सोडली. वेणी लांब खाली पडली. दुसरी सोडली. ती कानाच्या जरा खाली येऊन थांबली.

"गाँठ पड़ गई थी. खुलती नहीं थी. बाबा खींचते तो बहुत दुखता था. मैंने कैंची से काटके डब्बे में डाल दी।" मग माझ्याकडे बघून मराठीत, अगदी हळू, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तेल लावलं असतं."

"लड़की को सिखा दिया है," कुणीतरी म्हणालं. "डर गई है बेचारी. डुकरिया ने बस में कर लिया है।"

बस में कर लिया, म्हणजे वश केलं, हे शब्द ऐकल्यावर ती माणसं जशी माझ्या पोरीकडे बघू लागली, ते मी विसरलेलो नाही. जे मघाशी म्हातारीकडे बघत होते तेच डोळे, तसेच.

ती मात्र भाभीजींकडे गेली. त्यांच्या पुढे पाठ करून बसली आणि लांब वेणी त्यांच्या हातात दिली. "आप कंघी करके देखो, आंटी।"

भाभीजींनी घाबरत घाबरत वेणी उलगडली. घरातून फणी मागवली. फणी वीतभर उतरली आणि अडकली. ओढली तर मुलगी कळवळली. आत बोटं घातली तर तिथेही तसाच एक गोळा बनत आलेला, मध्यभागी हिरवा धागा गुरफटलेला. भाभीजींनी दारातल्या बादलीतलं पाणी ओंजळीने त्यावर सोडलं, सुटतो का बघायला. गुंता सुटला नाही. पण वरचे मोकळे केस भिजले आणि सगळ्यांदेखत गोल गोल वळत वर चढले. एकेक बट वेगळी, पेनाच्या स्प्रिंगसारखी.

"अरे," भाभीजी म्हणाल्या. फणी त्यांच्या हातात तशीच. "जे तो घुँघराले हैं!" मग एकदम चिडून, माझ्यावर, "घुँघराले बाल सूखे में कौन काढ़त है, भाईसाहब? और जो का बाँध दओ, मोड़ी है कि फ़ाइल?"

लोक हसले. या वेळी खरोखर. एक-दोन जण खुर्च्यांकडे गेले. काठीवाल्याने वेणी मात्र खाली टाकली नाही, टॅग धरून लोंबकळवत घेऊन गेला. आणि कडेला एकजण मोबाइल खिशात ठेवत होता. तो किती वेळ बाहेर होता, मी विचारलं नाही.

अम्मा ओल्या फरशीवरून केस गोळा करत होती. मुलगी तिला मदत करायला बसली. मी म्हटलं, "अंदर चलो अम्मा, चाय पी लो. रात यहीं रुक जाओ।" तिने नको म्हणून मान हलवली. तिला उरलासुरला उजेड असताना निघायचं होतं. उठताना तिने टोपलीतून पिनांचा एक पत्ता काढून मुलीच्या हातात ठेवला. आमचं या खेपेचं गुंतवळ तिने घेतलंच नव्हतं, तरी.

शनिवारी बायको आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिने फोन पुढे केला. त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर आलेला फोटो होता. अम्मा जमिनीवर, काठीच्या टोकाला वेणी, हिरवा टॅग स्पष्ट. वर लिहिलेलं, ‘झाँसी में पकड़ी गई. पहचान लो. सावधान रहें।’ मी त्यात नव्हतो. मुलगीही नव्हती. ओंजळभर पाणी, वर चढलेल्या बटा, भाभीजींचं माझ्यावर ओरडणं, काहीच नव्हतं. फोटो आम्ही मध्ये पडायच्या आधीचा होता.

"अहो, स्टाफरूममध्ये सगळे म्हणत होते, ही बाई टहरौलीचीच आहे," बायको म्हणाली. "मी तो टॅग बघितला आणि फोन उलटा ठेवला."

त्या संध्याकाळी मी नातेवाइकांच्या, कचेरीच्या, गल्लीच्या, जिथे जिथे तो फोटो सापडला तिथे तिथे लिहीत बसलो: ही माझ्या मुलीची वेणी आहे, तिनेच कापली, ती म्हातारी सुया विकते. ग्वाल्हेरच्या भावाने जोडलेले हात पाठवले. खाली लगेच त्याच म्हातारीचा फोटो पुन्हा, दुसऱ्या गावाच्या नावाने. बायकोने टहरौलीच्या आठवडी बाजारात अम्माच्या मुलीची चौकशी केली. केसांची बाई म्हटल्यावर लोक विचारायचे, तुम्ही का शोधताय तिला? मग तिनेही विचारणं सोडलं.

आवई जशी आली तशी गेली. हळदीचे पंजे पुढच्या पावसात पुसट झाले. अम्मा आली नाही.

मुलीचे केस आता तिचे तीच बघते. मला फक्त बघायची परवानगी आहे. ओले असताना, कंडिशनर लावून, आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. टॉवेलने रगडायचं नाही, जुन्या सुती बनियनने पाणी टिपायचं. बनियन माझं, माझा सहभाग तेवढाच. बायकोने माझा जावळाच्या आधीचा एक फोटो शोधून काढला, त्यात माझ्या डोक्यावर अगदी तशाच बटा आहेत. मुलगी तो कुणालाही दाखवते आणि म्हणते, "आपल्यात कुरळे कुणाचेच नाहीत," माझ्या आवाजात.

गुंतवळ अजून निघतंच, पहिल्यापेक्षा कमी. ती ते बोटाभोवती गुंडाळते आणि डब्यात ठेवते. मी एकदा म्हटलं, आता कचऱ्यात टाक, घ्यायला कोण येतंय. दुसऱ्या दिवशी डब्यात पिनांचा तो पत्ता दिसला, न उघडलेला, केसांच्या खाली. दुपारी कधी कडी वाजली की ती माझ्याआधी दाराशी पोचते. दूधवाला असतो, नाहीतर भाभीजी.

डबा भरला आहे. कुरळे केस कितीही दाबले तरी परत वर येतात, झाकण बसत नाही. मी त्यावर पोथी ठेवून बघितली, सकाळी ती सरकलेली होती.