लाल दिवा ठेवायचा की घालवायचा

आमच्याकडे, हिंगोलीच्या बाजूला, रात्री टीव्ही बंद करणं हे शेळ्या आत घेण्यासारखं काम होतं. बोर्डावरचं बटण दाबायचं, पिन उपसायची, वायर गुंडाळायची आणि वरून जुन्या लुगड्याचं कापड टाकायचं, धूळ बसू नये म्हणून. लाईट गेली की परत यायची ती उसळी मारून, आणि तशा एका उसळीत शेजाऱ्यांचा पंखा जळालेला माझ्या बापाने पाहिला होता. पिन उपसली का, हे तो झोपताना घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचा. टीव्ही बंद आहे आणि तरीही चालू आहे, असं काही असतं हे मला कोकणात, लांज्याकडे आल्यावर कळलं.

माझा नवरा इथे चिऱ्याच्या खाणीवर मशीन चालवतो. इथला लाल दगड जमिनीतून मोठ्या विटेसारखा कापून काढतात, तो चिरा. पहिलं वर्ष आम्ही खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत काढलं. माझी स्वतःची शाळा आठवीनंतर सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि मी होते. पोरीची तरी सुटू नये एवढंच मनात धरून आले, तर खाणीपासून शाळा लांब. पोरगी दिवसभर लाल मातीत. बुद्धपौर्णिमेला जवळच्या वाडीतल्या विहारात गेलो, तिथे एका म्हातारीने तिच्या पायाला हात लावला, आपली बोटं बघितली आणि मला म्हणाली, "हिला धुतेस तरी काय गो?"

"रोज धुते," मी म्हटलं. "खाण निघत नाही."

त्या आक्का. सगळी वाडी त्यांना आक्काच म्हणते. नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या आणि वडिलांच्या घराला लागून दोन खोल्यांत राहू लागल्या. मोठं घर त्यांच्या भावाच्या नावावर. भाऊ म्हणजे नाना, मुंबईत नोकरी करून तिथेच निवृत्त झालेले. मे महिन्यात नातवंडांना घेऊन यायचे, बाकी अकरा महिने घराला कुलूप. त्या वर्षी ते अजून यायचे होते, म्हणून आक्कांनी विहाराच्या पायरीवरूनच त्यांना फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "एक बाय हाय, पोर हाय, माणूस कामाचा हाय. घरात ठेव." नाना म्हणाले, "राहू देत. बंद घर लवकर पडतं." भाडं नाही. मागच्या दोन खोल्या आमच्या. पुढची मोठी खोली मी रोज झाडायची आणि तिच्या खिडक्या उघडायच्या, एवढंच. पोरीचं नाव वाडीतल्या शाळेत घातलं.

या दोघांचे उपकार मी कधी फेडू शकेन असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच मला दोघांची भीती वाटायची. एकाचं जरी मन दुखावलं तरी आपण परत पत्र्यात, हे मी पीठ मळताना, कपडे वाळत घालताना, सारखं धरून असायचे. नवरा म्हणायचा, "काहून भ्यायलीस? दोघालाबी हो म्हण." पण दोघांना हो म्हणता येईल असं तोपर्यंत होतं. पुढच्या मे महिन्यात नाना टीव्ही घेऊन आले.

मोठा, पातळ, पुढच्या खोलीच्या भिंतीवर टांगलेला. महिनाभर नातवंडांनी तो सोडला नाही. निघायच्या दिवशी बाहेर रिक्षा उभी होती, तरी नाना मला आत घेऊन गेले.

"हे बघ. रिमोटने बंद करायचा, बोर्डावरून नाही. खाली लाल दिवा दिसतो ना? तो कायम राहिला पाहिजे."

"रात्री पण?"

"रात्रीच तर. पावसात इथे सगळं सादळतं. मागचा टीव्ही मी असाच पूर्ण बंद करून गेलो होतो. मेकॅनिकने मागचं झाकण काढलं तर आत बुरशी आणि मुंग्या. तो म्हणाला, लाल दिवा ठेवा, आतून जरा ऊब राहते. आणि तुम्ही बघा हं टीव्ही, लाजू नका."

मी मान हलवली. तो टीव्ही मी लावणार नव्हते. दुसऱ्याची एवढी मोठी वस्तू, हात लावायलाच नको.

रिक्षा वळली आणि आक्का अंगणातून म्हणाल्या, "बंद कर गो त्यो. बटनावरना."

"नाना म्हणाले, दिवा ठेव."

"त्याचा काय जातो? ईज पडली होती त्या खांबावर, त्या टायमाला खालच्या घरातला टीव्ही फुटला नि पडदा पेटला. वर सगळं लाकूड. बादल्या घेऊन धावलं कोण? मी. त्यो मुंबयत बसून मोबायलात बघनार."

मी बटण दाबलं. लाल दिवा गेला. पुढच्या रविवारी नानांचा व्हिडिओ कॉल आला. पोरीची चौकशी झाली, माझ्या नवऱ्याच्या पाठदुखीची झाली, मग म्हणाले, "जरा टीव्हीकडे कर बघू मोबाईल." मी केला. "दिवा कुठे आहे?"

"आक्का म्हणाल्या..."

"आक्काला विचारून कशाला करतेस? टीव्ही मी आणलाय. तिला सांग, नाना म्हणाला, दिवा राहणार."

मी जाऊन सांगितलं. आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला सांग, आक्का म्हनाली, घर बापाचं हाय. टीव्ही आनताना मला विचारलान काय?"

हे मी नानांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि तेही मलाच अंगण ओलांडून न्यावं लागलं असतं. दोघं सख्खे भाऊ-बहीण, पण एकमेकांशी फोनवर बोलायचे ते कोण आजारी आणि कोण गेलं एवढंच. बाकी सगळं माझ्यामार्फत.

मग पाऊस लागला आणि नाना म्हणत होते ते मला पटलं. आमच्याकडे वस्तूची वैरीण धूळ. इथे दर पावसात चपलेवर हिरवी लव येते, मीठ पाणी सोडतं, काडी घासली की गुल गळून पडतो. पुढच्या खोलीची भिंत हाताला गार आणि ओली लागायची, आणि त्याच भिंतीवर टीव्ही. मी लाल दिवा चालू केला. पण तो दिवा खिडकीतून थेट आक्कांच्या पडवीत दिसायचा. संध्याकाळी त्या तिथे बसल्या की त्यांची नजर बरोबर तिकडे जायची. मग त्या काठी टेकत यायच्या, बोर्डाचं बटण दाबायच्या आणि परत जायच्या. त्या गेल्या की मी परत चालू करायचे. पुन्हा काठीचा आवाज. असे किती दिवस गेले सांगता येत नाही. पोरीलाही त्याची सवय झाली. काठी वाजली की ती पाटीवरून डोकं न काढता म्हणायची, "आल्या."

एका दुपारी आरशासमोर टिकली बदलताना मला सुचलं. मी मोठ्या मरून टिकल्या लावते. त्यातली एक काढली आणि स्टुलावर चढून टीव्हीच्या खालच्या काठावर, त्या लाल दिव्यावर नीट चिकटवली. दिवा चालू, पण दिसत नाही. संध्याकाळी आक्कांनी पडवीतून बघितलं आणि उठल्या नाहीत. रविवारी सकाळी नानांचा फोन यायच्या आत टिकली काढायची, दिवा दाखवायचा, फोन झाला की नवी लावायची. मी कुणाशी खोटं बोलत नव्हते. आक्कांनी कधी विचारलं नव्हतं, नानांना मी खराच दिवा दाखवत होते. तरी टिकलीचं पाकीट उघडताना मी आधी पडवीकडे बघून घ्यायचे.

पाऊस उताराला लागला तेव्हा वाडीतले एक वयस्कर गृहस्थ गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला नाना आले, न कळवता, शनिवारी सकाळच्या गाडीने. दारात "जय भीम" ऐकून मी बाहेर आले तर नाना बॅग घेऊन उभे. मी चहा ठेवायला धावले. टिकली माझ्या ध्यानातूनच गेली.

कार्यक्रम झाला, वाडीचं जेवण झालं, आणि दुपारी नाना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. आक्काही आल्या, भाऊ आला की त्या येऊन बसायच्या. नानांनी रिमोट उचलला आणि दाबला. काही नाही. तळहातावर आपटला, परत दाबला. मग भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून रिमोटमध्ये घातले. काही नाही.

"दिवा पण नाही," नाना म्हणाले. "बंद होता काय हा?"

"चालूच आहे, नाना." माझ्या हातात चहाचा ट्रे होता. दिवा टिकलीखाली आहे हे मला माहीत होतं. पण टीव्ही का लागत नाही ते माहीत नव्हतं. गेला, असंच मला वाटलं. सादळून गेला नाहीतर जळून गेला, पण माझ्या हाताखाली गेला.

"घालवलास टीव्ही," नाना आक्कांना म्हणाले. "बटण दाबून दाबून."

"मी? तुझ्या त्या दिव्यानं गेला. रात्रंदिवस जाळलंस त्याला."

"तू हात कशाला लावतेस त्याला?"

"बापाच्या भिंतीवर टांगलंस ना? भिंत माझी पन हाय."

इतकं एकमेकांशी थेट बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आक्का काठी टेकत उठल्या आणि टीव्हीजवळ गेल्या. पदराने त्याचा खालचा काठ पुसायला लागल्या. थांबल्या. नखाने काहीतरी उचकटलं. नाना मागे बसून रिमोट दाबतच होते, आणि एकदम टीव्ही लागला, असा मोठ्याने की मागच्या खोलीत झोपलेली पोरगी उठली. नानांनी आवाज कमी केला. त्या दिव्याशेजारीच रिमोटचा डोळा असतो हे नंतर नवऱ्याने सांगितलं.

आक्कांच्या बोटावर मरून टिकली होती.

"हे काय?" नाना म्हणाले.

आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. "माझी हाय ती."

"तुझी?" त्यांच्या कपाळाला काही लागून कितीतरी वर्षं झालेली. "तू कधीपासून लावायला लागलीस?"

"मला न्हाय. तुझ्या टीव्हीला लावली. एवढं मोठं कपाळ, नि बोडकं."

नाना हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग पाण्यासाठी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं लक्ष माझ्या कपाळावर गेलं. तोच रंग, तोच आकार. हसणं थांबलं.

"खरं सांग गं. कशाला लावलीस?"

मी ट्रे खाली ठेवला. "तुमचं ऐकलं तर आक्का, आक्कांचं ऐकलं तर तुम्ही. एकाचं कुणाचं तरी मोडलं असतं. आम्हाला इथं राहायचंय, नाना. पोरगी दुसरीत आहे."

"एका दिव्यासाठी मी तुला घराबाहेर काढीन?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "याआधी कुणी घर दिलंच नव्हतं. काढतात कशावरून, ते कसं कळावं?"

टीव्हीवर बाई हवामान सांगत होती.

"तिला कशाला विचारतोस," आक्का म्हणाल्या. "मला विचार ना. सगळे फोन तिला."

"तुला केला की तू ठेवून देतेस."

"तू बोलतोसच असा की ठेवून द्यावा."

मग नानांनी त्यांना त्या जुन्या टीव्हीची, मुंग्यांची आणि बुरशीची गोष्ट सांगितली. आक्कांना ती माहीतच नव्हती. आक्कांनी विजेच्या दिवशीचं सांगितलं. नानांना फक्त वीज पडल्याचं कळलं होतं, बादल्या घेऊन ही धावली होती हे नाही. "या गुडघ्यांवर?" त्यांनी विचारलं. "तेव्हा बरे होते," आक्का म्हणाल्या. पण दिव्याचं काही ठरेना. एक म्हणाले, ओल. दुसऱ्या म्हणाल्या, आग. शेवटी नानांनी रिमोट माझ्यापुढे धरला.

"घरात झोपतेस तू. तू सांग."

मला वाटलं, थट्टा करतात. आक्काही थांबून बघत होत्या. मी आजवर कुठली गोष्ट ठरवली होती? शाळा सोडायचं घरच्यांनी ठरवलं, लग्न घरच्यांनी, खाण नवऱ्याने. मी ट्रेकडे बघत म्हटलं, "रात्री बटणावरून बंद करते. सगळे झोपलेले असताना नको. आणि पावसाच्या दिवसांत सकाळी केर काढताना तासभर लावते, म्हणजे आतून सुकेल. वीज कडाडायला लागली तर पिनच काढीन."

"सकाळी रिकाम्या खोलीला बातम्या दाखवणार काय?" नाना म्हणाले.

आक्का दाराबाहेर बघत म्हणाल्या, "मला सकाळी कुठंतरी बसायला लागतंच."

त्या संध्याकाळी जेवणं लवकर झाली. पुढच्या खोलीत दोघं बातम्या बघत बसली, पोरगी मध्ये. बातम्या संपल्या, नानांनी रिमोटने टीव्ही बंद केला आणि लाल दिवा लागला. मी बोर्डाशी गेले, बटणावर बोट ठेवलं.

"बंद करू का?"

नाना चष्म्याचं घर शोधत होते. आक्का चपलेत पाय घालत होत्या. मी विचारलेलं दोघांना ऐकू गेलं होतं, खोली काही एवढी मोठी नाही. मी बटण दाबलं.

आक्का अंगणात उतरल्या होत्या. तिथून म्हणाल्या, "दाराला आतून कडी घाल गो."