ओंजळीतला उंदीर

नव्वदच्या दशकाअखेरची गोष्ट. माणसं विसरायला लागलेल्या वडिलांना घेऊन मी सुरतेतल्या लिंबायतहून नव्या स्कॅनिंग सेंटरला गेलो, तर बाकावर आमच्या आधी एक माणूस पांढऱ्या उंदरांचा पिंजरा घेऊन बसलेला. बोलण्यावरून आमच्या खान्देशातलाच. एका कॉलेजात तो उंदीर सांभाळायचा. तिथले डॉक्टर विसरण्याच्या आजारावर उंदरांचा अभ्यास करत होते, म्हणून उंदरांच्याही मेंदूचे फोटो काढायचे होते, रंगाचं इंजेक्शन देऊन. माणसाच्या मशीनमध्ये उंदीर? मला काही उमजेना.

वडील जन्मभर कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये राबलेले. रंग म्हटल्यावर ते सावरून बसले. "कोन्ता रंग?"

"पानीसारखा. फक्त मशीनले दिसस."

वडील हसले. "त्याले रंग म्हनतस का?"

फोटो काढून झालेला एक उंदीर आतून आणून दिला, गुंगीत, थंडगार. त्या माणसानं तो ओंजळीत घेतला, ओंजळ छातीशी धरली आणि तसाच न हलता बसून राहिला.

"फोटोत काय दिसलं?" मी विचारलं.

"ते माले काय ठाऊक? जागं व्हताना त्याले काहीच समजस नही. तवय कोनी तरी धरेल पाह्यजे."

मग वडिलांची पाळी आली. बाहेर आले ते गोंधळलेले. माझ्याकडे बघत म्हणाले, "तू कोना पोऱ्या शेस?"

घरी या प्रश्नावर मी दरवेळी खेकसायचो, "तुन्हाच!" त्या दिवशी तोंडाशी आलेलं गिळलं. त्यांचा गार हात दोन्ही तळव्यांत धरला आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसलो. त्याची ओंजळ अजून उघडली नव्हती.