हस्तलिखितातली बाई

आमच्या काकांची दोन घरं होती, हे शहरातल्या आमच्या लष्कर भागातल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. एक आमचं, आणि दुसरं दौलतगंजात. दिवाळीला काकू फराळाचे दोन डबे भरायची. त्यातला एक दौलतगंजात जायचा, आणि चकल्या मोडू नयेत म्हणून काकू त्यात वरून कागदाचे बोळे घालायची. तिथे राहणाऱ्या बाईच्या आधी आणखी दोघी होऊन गेल्या होत्या म्हणे. काकांचं पान मात्र नेहमी पहिल्या पंगतीत. मराठी मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि कुणाचं लग्न जुळत नसलं की मध्यस्थीला त्यांनाच बोलावत. कुणी विषय काढलाच, तर "पुरुषाची जात" एवढं म्हणून तो संपायचा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. गमतीतच मी ती कथा लिहिली.

आमच्या मराठी मंडळाचं दरवर्षी एक हस्तलिखित निघे. प्रत एकच. शाळेतल्या बाई लोकांकडून कथा-कविता मागवायच्या, दुरुस्त करायच्या आणि सगळा अंक स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायच्या. मग तो अंक दोन-दोन दिवस एकेका घरी फिरे. शेवटची आठ-दहा पानं वाचकांच्या अभिप्रायासाठी कोरी ठेवलेली असत. बाईंनी मला शाळेत मराठी शिकवलं होतं. पस्तिशीच्या, बिनलग्नाच्या, इंदरगंजात एका खोलीत एकट्या राहायच्या. लोकांना एवढं पुरेसं असतं, पण तोवर त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं.

कथेत मी फार काही केलं नव्हतं. काकांचं आयुष्य उचललं आणि एका बाईला दिलं. तिला नवरा आहे, देवधर्म आहे, समाजात मान आहे, आणि गावात दुसरं एक घर आहे. तिथे एकानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. नवरा समजूतदार, सणाला तिकडचा डबासुद्धा भरून देतो. शेवटी ती रडत नाही, विहीर जवळ करत नाही. पहिल्या पंगतीत बसून श्रीखंड खाते.

बाई ती वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुझं नाव घालू ना खाली?"

घाबरले की मी हिंदीत शिरायची. "नहीं बाई, मेरा नाम बिल्कुल मत डालिए," मी म्हणाले. "बाबा मार डालेंगे."

त्यांनी खाली "एक वाचक" असं लिहिलं.

मला वाटलं होतं, लोक वाचतील, चपापतील, काकांकडे चोरून बघतील. एकालाही काका दिसले नाहीत. जो तो त्या बाईला शोधत होता. ही कुणाची हकीकत? मुरारला राहायची ती का? का ती नर्स? पाचव्या-सहाव्या घरी अंक पोचेपर्यंत निकाल लागला होता. अक्षर बाईंचं आहे, बाई एकट्या राहतात, मग आणखी कोण असणार? वास्तविक अख्खा अंक बाईंच्याच अक्षरात होता, अध्यक्षांचं मनोगतसुद्धा. पण ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, आणि ज्यांच्या येत होतं ते बोलत नव्हते.

अभिप्रायाची पानं भराभर भरली. कुणी लिहिलं, लेखिकेचा अनुभव दांडगा दिसतो. कुणी लिहिलं, लेकी-सुनांच्या हाती हा अंक देऊ नये. सगळ्यांत कडक अभिप्राय काकांचा होता, चांगला पाऊण पान. आमच्या घरी त्यांनीच ती कथा मोठ्याने वाचून दाखवली, मधूनमधून शी शी करत. काकू डाळ निवडत होती. डबा भरायचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला आणि डाळ पुढे निवडू लागली. हीच मंडळी बैठकीत शृंगाराचे श्लोक तोंडपाठ म्हणायची, लावणीला मान डोलवायची. बाईने लाज सोडलेली त्यांना चालत होती, फक्त ती त्यांच्यासाठी सोडलेली असावी. तिने ती स्वतःसाठी सोडली की साहित्य बाटतं. आज मी ऐंशीच्या पुढे आहे. यात काही बदल झालाय असं मला वाटत नाही, आणि होईल अशी आशाही आता उरली नाही.

त्याच वर्षी मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होत होता. राजधानी भोपाळला ठरली. इंदरगंजातल्या कचेऱ्यांतून फायलींनी भरलेले ट्रक निघू लागले, आणि मराठी घरांत रोज एकच बोलणं, कोण जाणार नि कोण राहणार. संस्थान गेलं तेव्हा मान गेला होता, आता उरल्यासुरल्या खुर्च्याही चालल्या होत्या. राहिली होती फक्त अब्रू, आणि ती राखायला सगळे अगदी कंबर कसून तयार होते.

बाईंची शाळा सरकारात जाणार होती. ज्यांच्या कागदावर शाळेच्या मंडळाची शिफारस, त्यांनाच सरकारी नोकरी मिळणार होती. माझे बाबा त्या शाळेच्या मंडळाचे चिटणीस होते, शिफारशीवर सही त्यांचीच लागायची.

एका रविवारी सकाळी बाई कागद घेऊन आमच्या घरी आल्या. बाबा आणि काका बाहेरच्या खोलीत बसले होते. मी चहा घेऊन गेले आणि ट्रे हातात धरून दाराशीच उभी राहिले.

"बाई, तुमच्या कामाबद्दल शंकाच नाही," बाबा म्हणाले. "पण ती कथा कुणी लिहिली, एवढं सांगा. नाव सांगा, मी आत्ता सही करतो."

"संपादक मी आहे. जबाबदारी माझी."

"म्हणजे तुम्हीच लिहिलीत."

"तसं मी म्हटलं नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "असलं लिहायला ते आधी जगावं लागतं, बाई."

बाईंनी काकांकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. आता सांगणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "खरं आहे. कुणीतरी जगलेलंच आहे ते."

बाबांनी मान खाली घातली. काकांनी जिंकल्यासारखा श्वास सोडला. त्या दोघांना कबुली मिळाली होती. बाईंनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे एकदाही न बघता त्या उठल्या. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. पण इंदूरच्या स्थळाकडून होकार आला होता, काकांच्याच मध्यस्थीने, आणि मी रिकामे कप गोळा केले. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात पुन्हा कधी आली नाही.

यादी लागली त्यात बाईंचं नाव नव्हतं. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. त्या बिर्लानगरला गेल्या आणि गिरणी कामगारांच्या मुलींना घरी शिकवू लागल्या. माझ्या लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना मी टांगा करून त्यांना भेटायला गेले. त्या वाळल्या होत्या. मला बघून मात्र त्यांना आनंद झाला, चटई झटकून त्यांनी मला बसवलं.

"मी सांगते बाबांना सगळं. आजच सांगते," मी म्हणाले.

"आता काय उपयोग? यादी लागली. तुझं मोडेल आणि मला काही मिळणार नाही." मग जवळ सरकून, शाळेत विचारायच्या तसंच त्यांनी विचारलं, "ते जाऊ दे. नवीन काय लिहिलंस?"

"काही नाही, बाई. मी आता कधीच नाही लिहिणार. शपथ घेतलीय."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तो त्या दिवशी ऐकला.

"मग मी कशासाठी गप्प बसले गं?"

शिंप्याकडे ब्लाउज टाकायचेत, उशीर होतोय, असं सांगून मी टांग्यात बसले. आणि शिंप्याकडे मी खरंच गेले.