पायरीवरचा माऊथपीस

"पास्कू, तो तोंडाचा भाग आधी डब्यात टाक. मग वाद्य वर दे."

थोरली बाय, थोरल्या घरची मालकीण, ओट्यावर उभी. माझा बाप खाली, तिसऱ्या पायरीवर. ओट्यावर चढायचं नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, त्याच्या पायांनाच ठाऊक होतं. पायरीच्या कडेला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात कढत पाणी, पोटॅश घातलेलं, जांभळट. बापानं सॅक्सोफोनचा माऊथपीस उपटला, त्या डब्यात सोडला. मग सॅक्सोफोनची मान स्वतःच्या सदऱ्यानं पुसली आणि वाद्य दोन्ही हातांवर धरून वर केलं. बायनं ते थेट हातात घेतलं नाही. फडकं पसरलं, त्यात घेतलं.

"क्षयाची साथ आहे ना पास्कू, म्हणून हो," ती म्हणाली.

क्षयाची साथ! माझ्या आजीच्या वेळेपासून त्या घरात एकच साथ चालू होती. ती फक्त आमच्या पाड्यावरच्या तोंडांना व्हायची. बायचा धाकटा दीर दिवसभर खोकायचा, त्याच्यासाठी डबा नव्हता.

बाप हसला. "हो बाय, बरोबर हाय." मी चौदा वर्षांची. बापाच्या मागे उभी. त्याचं ते हसणं मला बायच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

हे भुईगावातलं. आमचा पाडा समुद्राकडच्या अंगाला. आजा थोरल्या घरच्या माडांवर चढून माडी काढायचा. देऊळ एकच, फादर एकच, एकाच भाकरीचा तुकडा आमच्या आणि त्यांच्या जिभेवर ठेवला जायचा. रविवारी वेदीपुढे सगळे भाऊ-बहिणी. देवळाची पायरी उतरली की ज्याची त्याची पायरी वेगळी.

आता ऑर्केस्ट्राचं सांगते, कारण त्याशिवाय हे कळायचं नाही.

थोरल्या घरचे मोठे बाबा, म्हणजे बायचा सासरा, गोऱ्यांच्या काळात मुंबईला लाकडाचा धंदा करायचे. तिथं एका हॉटेलात त्यांनी काळ्या साहेबांचा बँड ऐकला. अमेरिकेहून आलेले काळे लोक, जॅझ वाजवणारे. मोठे बाबा येडे झाले. गावात येऊन म्हणाले, मला असा ऑर्केस्ट्रा पाहिजे. पैसा होता, वाद्यं आणली. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम, बँजो. पण फुंकणार कोण? घरच्या पोरांनी दोन महिने पीं-पीं केलं आणि कंटाळली. मग मोठ्या बाबांची नजर आमच्यावर गेली. आमच्या पोरांना देवळाच्या शाळेत सूर वाचायला शिकवलेलं, आणि माडावर चढणाऱ्याच्या छातीत दम असतोच. असा उभा राहिला ब्लू पाम डान्स ऑर्केस्ट्रा. नाव त्यांचं, फुफ्फुसं आमची.

बाप सतरा वर्षांचा असताना त्यात शिरला. पांढरा कोट, काळा बो, केसांना तेल. मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत फॉक्सट्रॉट वाजवायचा, गोरे साहेब-मडमा घामाघूम होईस्तोवर नाचायचे. तो सांगायला लागला की आय म्हणायची, "झालं, आता भात करपला तरी ह्याचा नाच काय थांबायचा नाय."

एक गोष्ट तो नेहमी हसून सांगायचा. हॉटेलच्या पुढच्या दारातनं वाजवणाऱ्यांना सोडत नसत. मागच्या दारानं, भटारखान्यातनं, कांद्याच्या पोत्यांवरनं उड्या मारत जायचं. मोठे बाबासुद्धा तसेच. मालक असले म्हणून काय झालं, गोऱ्याला सगळे सारखेच. मोठे बाबा तिथं रागानं लाल व्हायचे म्हणे. बो फेकून द्यायचे. "हा माणसाचा अपमान आहे," म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी गावात आल्यावर ह्याच बापाला तिसऱ्या पायरीवर उभा करायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. खोटं आहे. ह्यांचं जळलं होतं, तरी कळलं नाही.

सॅक्सोफोन एक आणि माऊथपीस दोन. एक थोरल्या घरच्या माणसांसाठी, मखमलीच्या पेटीत, वाद्याबरोबर आतल्या कपाटात. दुसरा माझ्या बापाचा, डब्यात, पायरीवर. वाद्य आत राहायचं, बापाचं तोंड बाहेर. माऊथपीस असतो काळा कुळकुळीत. पण वर्षानुवर्षं कढत पाण्यात पडून बापाचा हिरवट-तपकिरी झाला होता, शेवाळ धरल्यासारखा. तोंडात घेतला की कडू लागायचा. मला माहीत आहे. मीही त्यावरच शिकले.

पुढे दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच बसले, ऑर्केस्ट्रा मोडला. वाद्यं थोरल्या घरच्या कपाटात गेली. गावात लग्न असलं, मयत असलं की बाप जाऊन सॅक्सोफोन मागून आणायचा. आदल्या दिवशी आणायचा, वाजवून झालं की परत. त्या एका दिवसात तो मला शिकवायचा, वाडीत, केळीच्या आड. गावात लग्न ठरलं की माझी शिकवणी ठरली. पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, "पोरगी पिपाणी वाजवते, हिला कोन करनार?" बाप म्हणायचा, "जो नाचंल तो करंल." मला त्या वाद्याचं वेड लागलं होतं, सरळ सांगते. दुसरं काही नको वाटायचं. आणि ते वाद्य अख्ख्या पंचक्रोशीत एकच होतं, त्या कपाटात. म्हणून मीही डब्यात माऊथपीस टाकत राहिले. चौदाव्या वर्षी बापाचं हसू लागलं म्हणाले ना? विसाव्या वर्षी मीही तशीच हसायला शिकले होते. "हो बाय, बरोबर आहे बाय."

मग सत्तरचं दशक संपता संपता थोरल्या घरच्यांना ऑर्केस्ट्राची आठवण आली. बायचा मुलगा रॉनी आखातातून आला होता, खिसा गरम. देवळाच्या सणाला, हॉलमध्ये, ब्लू पामचा मोठा सोहळा करायचं ठरलं. जुन्यांतला माझा बाप एकटाच जिवंत. पण त्याचे पुढचे दात पडलेले, आणि दाताशिवाय सॅक्सोफोन वाजत नाही. दात होते तेव्हा मान नव्हता, मान मिळाला तर दात नाहीत. तो म्हणाला, "माझी पोरगी वाजवंल." बायनं तोंड वाकडं केलं, पण दुसरं कोण होतं? बापाला पांढरा कोट परत दिला. तो खांद्यावर लोंबत होता. तरी बाप आरशापुढनं हलेना.

हॉल भरलेला. वांद्र्याचे पाहुणे, फादर, फोटोवाला. मी बापाचा एक जुना फॉक्सट्रॉट वाजवला. चांगला वाजवला, खोटी लाज कशाला. म्हाताऱ्या बायका बाकावर बसल्या बसल्या पाय हलवत होत्या. टाळ्या थांबेनात. त्या वेळी मला वाटलं, झालं, संपलं ते पायरीचं.

मग फोटोवाला म्हणाला, थोरल्या घरच्या वारसाचा वाद्यासह एक फोटो. रॉनी स्टेजवर आला. मी सॅक्सोफोन त्याच्यापुढे केला. त्यानं हात पुढे केला आणि बाय मधे आली. माईक चालू होता.

"थांब रॉनी. उष्टा आहे तो. आधी काढू दे तिला."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतनं माझा बाप उठला. लोंबता पांढरा कोट घालून, धडपडत, विंगेत गेला आणि डबा घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेले. भरल्या हॉलसमोर तो माझ्यापुढे डबा धरून उभा राहिला आणि हसला.

"पास्कू काय विसरत नाय हां," कुणीतरी मागनं ओरडलं. आता सगळे हसले. प्रेमानं हसले. तेच तर! शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी माऊथपीस डब्यात टाकला. हो, टाकला. रॉनीनं पेटीतला काळा माऊथपीस लावला, गाल फुगवले, पीं केलं. फोटो झाला. लोक जोडीनं उभे राहिले, नाच सुरू व्हायचा होता. रॉनीनं सॅक्सोफोन मला परत दिला. काळा माऊथपीस त्यावरच, त्याच्या थुंकीनं ओला. बाय म्हणाली, "चल गो, तुझा तो लाव आणि कर सुरू."

मी म्हटलं, "हाच असू दे बाय. मला रॉनीबाबाचं उष्टं चालतं."

"तुला चालेल गो. आम्हाला नंतर चालायला पाहिजे ना!"

मी बापाकडे बघितलं. तो डबा पुढे करून मान हलवत होता, घे, घे. मी सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला.

"मग तुम्हीच वाजवा," म्हटलं आणि खाली उतरले.

नाच झालाच म्हणा. गिटारवाला होता, ड्रमवाला होता. जग काही माझ्यासाठी अडलं नाही. पण मधल्या वाटेनं मी चालले तेव्हा एकही जण हसला नाही.

घरी बापानं कोट काढून भिरकावला. "माझं एवढंच होतं गो," तो ओरडला. "त्या घरचं ते दार. तेवढं एकच मला उघडत होतं. ते तू लावलंस." आय रडत होती. "पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर धरतं का कोन?" बाप माझ्याशी बोलायचा थांबला. कपाट आम्हाला बंद झालं. माझी बोटं रिकामी पडली, ताटाच्या कडेवर, खिडकीच्या गजावर आपोआप सूर दाबत राहायची. मी हरले होते का? पुष्कळ रात्री तसंच वाटायचं.

पावसाळा गेला तेव्हा बाप आपणहून बोलला. अंथरुणाला खिळला होता. म्हणाला, "त्या काळ्याचा आवाज कसा येतो गो?"

"कुठल्या?"

"त्यांच्या माऊथपीसचा. चाळीस वर्षं वाजवला, पन त्यो काय कधी लावला नाय."

मी तो ओठाला लावलाच नव्हता. मी त्याच्या उशाशी बसून ढसाढसा रडले.

नाताळच्या आधी तो गेला. आमच्यात रीत अशी की ब्लू पामच्या माणसाला सॅक्सोफोन वाजवत स्मशानात न्यायचं. बापानं सगळ्यांना पोचवलं होतं. शवपेटी अंगणात ठेवलेली असताना रॉनी आला. काखेत वाद्याची केस, हातात पिशवी.

"मम्मीनं पाठवलंय. म्हणाली, झालं गेलं विसरा. पास्कूअंकलला मानानं नेऊ या."

"माऊथपीस कुठला आणलात?" मी विचारलं.

त्यानं पिशवीतनं डबा काढला.

आयनं माझे पाय धरले. खरोखर धरले, पेटीसमोर. "वाजव गो बाय. त्याला मुका नको धाडू." शेजारणी म्हणाल्या, एवढा कसला ताठा, बापापेक्षा मोठा? फादर घड्याळ बघत होते. मी आयला उठवलं. रॉनीला म्हटलं, "घेऊन जा."

बापाला आम्ही मुका नेला. रोझरी म्हणत, वाळूच्या वाटेनं. अजून गावात मला म्हणतात, बापाला मुका पोचवणारी. म्हणू देत. मी नाही कुठे म्हणते? मुकाच पोचवला. त्याच्या जन्मभराच्या त्या हसण्यापेक्षा तो मुका बरा, आणि तो मी निवडला, शुद्धीत निवडला.

आता उमेळ्याच्या कारखान्यात कामाला जाते. पोरांना सांगून ठेवलंय: मी मेले तर त्या घरचं वाद्य माझ्या पेटीजवळ फिरकता कामा नये. माझ्या हातात पुन्हा सॅक्सोफोन येईल तेव्हा तो माझा असेल, आणि पाड्यावरची कुठलीही पोर तो उचलून थेट तोंडाला लावेल. नाही आला तर नाही आला. मागायला मी जाणार नाही.