एकतीस ठिपके आणि एक बाक

शनिवार, २४ नोव्हेंबर २००७. सकाळचे ११ वाजून ४० मिनिटे. उल्हासनगर, कॅम्प ४.

स्क्रीनवर एकतीस ठिपके होते. पंचवीस तळमजल्यावर, दोन पहिल्या मजल्यावर, चार दुसऱ्या मजल्यावर. टेकचंद शेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहून चष्म्यातून ते ठिपके मोजत होते.

"मॅडम, ये ऊपर जो चार हैं, ये तो मेरी ही लडकियां हैं ना? सेल्सवाली?"

"हो."

"मग गिऱ्हाईक?"

"शून्य."

"तो मशीन ने नया क्या बताया? शून्य तो मुझे बिना मशीन के भी दिखता है."

मी आकडा वहीत लिहिला.

टेकचंद शेठ यांचे कापडाचे दुकान तीन मजली. तळमजल्यावर शर्टिंग आणि रोजच्या साड्या, पहिल्या मजल्यावर रेडीमेड, आणि दुसऱ्या मजल्यावर दसऱ्याला सुरू केलेला बस्त्याचा हॉल. पांढऱ्या गाद्या, लोड, भिंतभर शालू. लग्नघरातली पंधरा माणसे एकत्र बसून दोन्हीकडच्या मानपानाचे कापड एकाच बैठकीत काढतील, ही कल्पना. तुळशीची लग्ने उरकली, बस्त्यांचा मोसम सुरू झाला, तळमजल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. वर मात्र कोणी जाईना. शेठनी मुदत ठरवली होती. १५ डिसेंबरपर्यंत हॉल भरला नाही, तर तिथे गोडाऊन होणार आणि तिथल्या चौघी घरी जाणार.

त्या चौघींत बेबीताई भोईर होत्या. बदलापूरजवळच्या चामटोलीच्या. वयाच्या चाळिसाव्या वर्षी मिळालेली ही त्यांची पहिली नोकरी. तिच्या भरवशावर त्यांनी मुलीला अकरावी सायन्सला घातले होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी., अंबरनाथ एमआयडीसीतल्या सहा माणसांच्या एका कंपनीत दीड वर्षाचा अनुभव. आम्ही शेठना विकलेली गोष्ट त्या काळात नवी होती. माणूस इमारतीच्या आत नेमका कुठे उभा आहे, हे त्याच्या मोबाइलवरून ओळखायचे आणि तिथेच त्याला मेसेज पाठवायचा.

तत्त्व सोपे आहे. मोबाइलचे ब्लूटूथ "सर्वांना दिसेल" असे चालू असेल, तर आसपासच्या यंत्राने हाक मारल्यावर तो ओ देतो. आम्ही दुकानात आठ रिसीव्हर बसवले होते. प्रत्येक रिसीव्हर दहा सेकंद हाका मारी आणि कोणाची ओ किती जोरात आली ते नोंदवी. ज्याला ओ जास्त जोरात ऐकू आली, मोबाइल त्याच्या जवळ. नाव नाही, नंबर नाही; फक्त एक ठिपका. उल्हासनगरात हे जमण्याचे कारण शास्त्रीय नव्हते. इथे सगळे एकमेकांकडून गाणी आणि रिंगटोन ब्लूटूथनेच घेत, त्यामुळे ते बंद करण्याचे कष्ट कोणी घेत नसे.

पहिल्या शनिवारी आम्ही साठ मोबाइलवर मेसेज पाठवला: "दुसऱ्या मजल्यावर बस्त्यावर दहा टक्के सूट." मोबाइल आधी मालकाला विचारतो, अमुक यंत्राकडून काही आले आहे, घ्यायचे का? चौघांनी घेतले. छप्पन्न जणांनी नाकारले.

कारण शोधायला मी काउंटरजवळ जाऊन उभी राहिले. एक मुलगा आपल्या भावाला सांगत होता, "ए, बीटी सर्व्हर झिरो वन कोण आहे बे? घेऊ नको, व्हायरस असेल."

आमच्या यंत्राचे नाव मीच तसे ठेवले होते. ते बदलून मी "टेकचंद शेठ" असे केले. पुढच्या शनिवारी साठपैकी सदतीस जणांनी मेसेज घेतला. नाईक सर, माझे बॉस, फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"साठ टक्क्यांच्या वर? रिपोर्ट लिहायला घ्या. प्रोजेक्ट सक्सेसफुल!"

"सर, वर एकही माणूस गेला नाही."

"आपण मेसेज पोहोचवायचं कबूल केलंय. माणसं उचलून न्यायचं नाही."

"मग शेठ तो मजला बंद करतील."

"मजला त्यांचा आहे."

"आणि सिस्टीम आपली. बंद मजल्यावरचा सक्सेस दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसा दाखवणार?"

मग सर म्हणाले, "पंधरा तारखेपर्यंत करा काय करायचं ते. पण रिपोर्टवर सही तुमची. बुडालं तरी तुमचीच."

रिपोर्टवर माझी सही असावी असे मला वर्षभर वाटत होते. ती अशी मिळेल असे वाटले नव्हते.

मी ठिपक्यांच्या जागा सोडून त्यांचा वेळ पाहू लागले. कोण कुठे किती मिनिटे थांबतो? उत्तर ठसठशीत होते. तळमजल्यावरच्या शर्टिंग काउंटरला ठिपक्यांचा ढीग होता, आणि प्रत्येक जण तिथे वीस-बावीस मिनिटे. शेठनी हा नकाशा पाहिला आणि शर्टिंगच्या नारूला सर्वांसमोर शाबासकी दिली. "देखो, इसको बोलते हैं सेल्समन!" नारू दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.

मला ते पटेना. मी स्क्रीन पाहून खाली गेले. स्क्रीनवर नारूसमोर अकरा ठिपके होते. प्रत्यक्षात नारूसमोर दोन गृहस्थ होते, आणि त्यांतले एक जांभई देत होते.

म्हणजे यंत्र खोटे बोलत होते. यंत्र खोटे बोलते तेव्हा बहुधा ते लावणाऱ्याचे काहीतरी चुकलेले असते.

सोमवारी, ३ डिसेंबरला, दुकान उघडण्यापूर्वी मी तळमजल्याच्या फरशीवर खडूने चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात मोबाइल धरून उभे राहायचे आणि आठही रिसीव्हरना तो किती जोरात ऐकू येतो ते लिहायचे. मग अंदाज करावा लागत नाही. प्रत्येक जागेची स्वतःची खूण तयार होते. मोबाइल धरायला बेबीताई आल्या.

"ताई, हे काय, लंगडी खेळायची का?"

"पुढच्या चौकोनात या. हलू नका."

"आमच्या गावात तलाठी अशीच जमीन मोजतो. पन तो आधी चहा मागतो."

"मला नको चहा. मागे वळा."

"मागे कशाला? मी पुढून चांगली दिसत नाय का?"

मागे वळायचे कारण होते. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि पाणी ही लहर शोषून घेते. मोबाइल शरीराआड गेला की आवाज मंदावतो. हे सांगितल्यावर बेबीताई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "म्हंजे गर्दीत तुमच्या मशीनला कमी ऐकू येतं. माझ्या सासूसारखं." याहून चांगले स्पष्टीकरण मी आजवर वाचलेले नाही.

छप्पन्न चौकोनांनंतर चूक सापडली. शर्टिंग काउंटरशेजारच्या खांबाला चारही बाजूंनी आरसे होते आणि मी एक रिसीव्हर नेमका त्या खांबाला टांगला होता. आरशामागच्या चांदीच्या थरावर लहर आपटून परत फिरते. जिन्याकडचे आवाज त्यामुळे भलतीकडे पोहोचत होते. रिसीव्हर हलवला, नव्या खुणा भरल्या, आणि ठिपक्यांचा ढीग नऊ फूट सरकला. तो नारूसमोर नव्हताच. तो जिन्याखाली होता. तिथे एक लाकडी बाक होता.

मंगळवारी मी त्या बाकावर जाऊन बसले. मिनिटभरात माझ्यासमोर स्टीलचा पेला आणि भाजलेला पापड आला. आलेल्या माणसाला पापड आणि पाणी देणे ही सिंधी घराची रीत, आणि शेठचे दुकान त्याला अपवाद नव्हते.

थोड्या वेळाने नेरळकडचे एक लग्नघर आले. बारा माणसे. नवरीची आत्या बाकावर टेकली, शेजारी आजी, मग मामा. पापड आले. नवरीच्या हातातला मोबाइल वाजला. आमचा मेसेज. तिने तो आत्याला वाचून दाखवला.

"आत्या, वर बस्त्याचा हॉल आहे म्हणे. गाद्याबिद्या आहेत."

"मग जा तू बघून ये. माझे गुडघे काही वर यायचे नाहीत. आणि हा पापड कोण खाईल?"

नवरी हलली नाही. कशी हलणार? आत्याने हात लावल्याशिवाय बस्त्यातली साडी बाजूला पडत नाही. बाराही जण आत्याभोवती उभे राहिले, सेल्समनने पाच-सहा साड्या खालीच आणून दाखवल्या, त्यांनी दोन घेतल्या. जाताना मामा म्हणाले, "बाकीचं कल्याणला बघू."

मला एकदम सगळे दिसले. मोबाइल नवरीच्या हातात होता. निर्णय आत्याच्या हातात होता. आत्याकडे मोबाइल नव्हता. इतके दिवस मी ज्या बाईचा माग काढायला हवा होता, तिचा माझ्या नकाशावर ठिपकाच नव्हता.

बुधवारी मी शेठसमोर दोन मागण्या ठेवल्या. पापड वरच्या मजल्यावर द्यायचा, आणि लिफ्ट रिकामी करायची. लिफ्ट माणसांसाठीच होती, पण तिच्यात कापडाचे गठ्ठे रचलेले असत.

लिफ्टला शेठ लगेच तयार झाले. पापडाचे नाव काढताच त्यांचा चेहरा बदलला.

"मेरे बाबूजी सिंध से आए तब इस कॅम्प में बैठने को खुर्ची नहीं थी. फिर भी जो आया, उसको पापड-पानी मिला. दुकान की सीढी चढवून पापड देऊ? हा लाच झाला, मॅडम. पापड नाही."

मला हे उत्तर आवडले, त्यामुळे त्यावर वाद घालणे अवघड गेले. मी विचारले, "शेठ, तुमच्या घरी पाहुणा आला तर पापड कुठे देता?"

"अंदर. बिठा के."

"आणि दारात?"

"दरवाजे पे तो पानी ही..." शेठ थांबले. "तू वकील क्यों नहीं बनी?"

ठरले. पाणी दारात, पापड वर गादीवर बसवून, आणि जिन्याखालचा बाकही तिथून हलवायचा. मी मेसेजमधली सूट काढून टाकली आणि लिहिले: "आजी-आत्यांना लिफ्टने वर घेऊन या. पापड गरम आहेत. टेकचंद शेठ."

शनिवारी, ८ डिसेंबरला, मी हॉलला लागून असलेल्या वरच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसले. लिफ्ट रिकामी होती, वर शेगडी पेटली होती. बेबीताईंनी केसात गजरा माळला होता. आणि वर आले किती? सात. तळमजल्यावर पूर्वीच्याच जागी दहा ठिपके ठाण मांडून होते. मी शेठना फोन लावला. ते खाली गल्ल्यावर होते.

"शेठ, तुम्ही बाक हलवला नाहीत."

"अरे, बुजुर्ग लोग कहां बैठेंगे? एक बाक ही तो रखा है." मग आवाज खाली आला. "तुम्हाला वर बसून कसं कळलं?"

"दहा जण बसलेत त्याच्याभोवती."

फोनवरून मला त्यांचे मोजणे ऐकू आले. एक, दो, तीन... दहावर ते थांबले. "साईं," ते कोणाला तरी म्हणाले, "ये मशीन तो सच बोलती है!" दुपारी दोन माणसांनी तो बाक उचलून लिफ्टने वर नेला.

शनिवार, १५ डिसेंबर. मुदतीचा दिवस. साडेअकरालाच शेठ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नाईक सरही अंबरनाथहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ११ वाजून ४० मिनिटांनी मी स्क्रीन थांबवली. एकूण ठिपके त्रेपन्न. तळमजल्यावर सोळा, पहिल्या मजल्यावर सहा, दुसऱ्या मजल्यावर एकतीस. चौघी वजा करून सत्तावीस.

दार उघडून शेठनी हॉलमध्ये पाहिले. तीन बस्ते एकाच वेळी चालू होते. गाद्या कमी पडल्यामुळे एका कुटुंबाला सतरंजी दिली होती. मी बेबीताईंना आकडा सांगायला गेले, तर त्या शालू उलगडता उलगडता म्हणाल्या, "ताई, जरा बाजूला व्हा ना, गिऱ्हाइकाला पदर दिसत नाय."

"गोडाऊनचं काय ठरलं, शेठ?" सरांनी विचारले.

"कौन सा गोडाऊन?" शेठ म्हणाले. "और चार गाद्या मंगवाने हैं. नारू को ऊपर भेजो, नीचे खाली बैठा है."

परतताना सर म्हणाले, "रिपोर्टवर आपण दोघंही सही करू."

"नको सर. बुडालं तरी माझी, असं ठरलं होतं. तरलं तरी माझीच."

सर हसले. मी सही केली.

त्या रिपोर्टमध्ये मी एक रकाना वाढवला, आणि पुढे प्रत्येक कामात तो ठेवला. "मोबाइल नसलेले, पण ठरवणारे." यंत्र ज्याला ऐकू शकते त्यालाच मोजते, ज्याच्या शब्दाखातर बाकीचे उभे असतात, तो बऱ्याचदा गप्प बसून पापड खात असतो. हा रकाना कोणताही रिसीव्हर भरू शकत नाही. मुदतीच्या दिवशी तो बेबीताईंनी भरला. लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येक आजी-आत्यामागे त्यांनी माझ्याच उरलेल्या खडूने भिंतीवर एक रेघ ओढली होती. स्क्रीन थांबवल्यावर मी त्या रेघा मोजून वहीत शेवटचा आकडा लिहिला: १४.